सशाचा दाखला

दाखल्यावर जात लिहिल्याशिवाय सशाला गाडीत घेणार नव्हते, म्हणून आजी त्याला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात आल्या होत्या. आजोबा जाऊन महिना झाला होता. आता घर आवरून मुलीकडे कायमचं राहायला जायचं. ससा आजोबांचा जीव की प्राण. त्याला मागं ठेवून जायला आजींचं मन धजेना.

जात मात्र त्यांना ठाऊक नव्हती. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना आजोबांनी एका संध्याकाळी तो शर्टाच्या आत धरून आणला, बाजारात मिळाला म्हणाले आणि विषय संपवला. माणूस मुळातच अबोल.

डॉक्टरीणबाईंनी सशाला टेबलावर घेतलं. वजन केलं, दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, अंगापिंडानं थोराड. मग त्यांनी त्याचा डावा कान दिव्यासमोर धरला आणि त्या थांबल्या. कानाच्या आत फिकट निळ्या शाईनं चार आकडे गोंदलेले होते. आजी इतके दिवस ती शीर समजत होत्या.

“आजी, आजोबा कामाला कुठं होते?”

“औषधांच्या कारखान्यात. पिंजरे धुवायला.”

डॉक्टरीणबाईंनी हळूहळू समजावून सांगितलं. ही जात न्यूझीलंड व्हाइट. पण असा नंबर घातलेला ससा बाजारात येत नाही. नवं औषध आधी यांच्यावर करून बघतात. काम झालं की जिवंत ठेवत नाहीत.

आजी सशाकडे बघत राहिल्या. ससा आणला त्या रात्री आजोबा जेवले नव्हते. शर्टही त्यांनी स्वतःच धुतला होता. सापडले असते तर उतारवयात नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं, हे आजींना आत्ता उमगत होतं. आपल्याला विश्वासात घेतलं नाही म्हणून रागवावं, तर तेही जमेना.

डॉक्टरीणबाईंनी दाखल्यावर जात लिहिली. ‘ओळखीची खूण’ या रकान्यापाशी पेन जरा अडखळलं. मग ‘नाही’ असं लिहून त्यांनी सही केली.

आजींनी ससा उचलून छातीशी धरला.

“सव्वीस वर्षं होते हो ते तिथं,” त्या म्हणाल्या. “आणि एवढा एकच आणता आला.”