पहिलंच पान

डिस्क चौथ्या दिवशी शुद्धीवर आली.

तोवर काकांनी तिच्यावर सगळे उपाय करून पाहिले होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून मागच्या खोलीत त्यांचा हाच संसार होता: जुने कॉम्प्युटर, वायरींची भेंडोळी, स्क्रूंनी भरलेल्या बरण्या. बायको त्याला भंगार म्हणायची. पण कुणाचे फोटो, कुणाची पत्रं बंद पडलेल्या यंत्रात अडकली, की सगळ्यांचे पाय याच खोलीकडे वळायचे. रिकाम्या हातानं आजवर कुणी परत गेलं नव्हतं.

ही डिस्क समोरच्या इमारतीत शिवणकाम करणाऱ्या वहिनींची होती. खरं तर त्यांच्या यजमानांची. ते गेले त्याच आठवड्यात त्यांचा कॉम्प्युटरही बंद पडला होता.

"रोज डायरी लिहायचे त्यावर," वहिनी म्हणाल्या होत्या. "शेवटची दोन वर्षं तर नुसतं माझ्याविषयीच. भाऊ, बाकीचं गेलं तरी चालेल. तेवढं काढून द्या."

मग रोज सकाळी त्या दारात उभ्या. "काय म्हणतोय आमचा पेशंट?"

"जीव आहे अजून," काका म्हणायचे.

आता दोन वर्षांची डायरी एकाच फाइलमध्ये अखंड मिळाली होती. दुसऱ्याचं वाचायचं नाही, हा काकांचा नेम. फाइल धड उघडते ना, एवढं बघायला पहिलं पान नजरेखालून घालायचं आणि बंद करायचं. तसंच त्यांनी केलं.

'घरात एक बाई आहे,' पानावर होतं. 'सकाळपासून वावरते आहे. माझे कपडे तिच्या हातात होते. कोण तुम्ही, असं विचारायची भीती वाटते. आतून कडी लावून बसलो आहे.'

काकांनी फाइल बंद केली. यजमानांना विसरण्याचा आजार होता, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्या बायकोलाच ते विसरले होते, हे मात्र ठाऊक नव्हतं.

बाहेर बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, उद्या मी तुला विसरलो तर?"

"चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधता. कधीतरी माझा नंबर लागणारच!"

काका हसले नाहीत. तिचा हात थांबला.

"विसरलात तर विसरलात," ती म्हणाली. "मी बसेन तुमच्याजवळ. पण तुमच्यामागे कुणी त्याची आठवण माझ्यापुढे आणून ठेवू नये."

काका खोलीत परतले. नुसती फाइल पुसून भागणार नव्हतं. वहिनी चिवट, दुसऱ्या कुणाकडे डिस्क घेऊन गेल्या असत्या. त्यांनी डिस्कवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं लिहायला लावली, म्हणजे कुणालाच त्यातून काही परत काढता येऊ नये. काढलेली प्रतही पुसली. दुपार त्यातच गेली.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या.

"बसा वहिनी."

"आधी सांगा."

"नाही जमलं," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "काहीच उरलं नव्हतं तिच्यात."

वहिनी बसल्या. "एखादं पानसुद्धा नाही?"

"नाही. दुसरीकडेही नेऊ नका. उगाच हेलपाटे."

हरलेली ही त्यांची पहिली डिस्क. तरी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. एका बाईचं मन त्यांनी मोडू दिलं नव्हतं.

वहिनींनी डिस्क उचलून मांडीवर घेतली.

"आधी आधी घाबरायचे मला," त्या म्हणाल्या. "कडी लावून बसायचे. मी दाराबाहेर शिवत बसायची. मग हळूहळू ओळख झाली आमची. घरात आलेल्या त्या बाईविषयी काय काय लिहिलंय, ते संध्याकाळी मलाच वाचून दाखवायचे. चाळीस वर्षांत बायकोवर एक ओळ लिहिली नव्हती हो त्यांनी!"

काकांनी मान वर केली.

"जायच्या आदल्या दिवशी तेवढं वाचलं नाही," वहिनी म्हणाल्या. "लाजले. म्हणाले, शेवटच्या पानावर तुम्हाला एक विचारलंय. तुमचं तुम्हीच वाचा, आणि हो की नाही ते सांगा."