हाताखाली वीस माणसं

धाकटीच्या शिवणकारखान्यात विसावं माणूस कामाला लागलं आणि नातेवाइकांत पुन्हा तेच पुराण सुरू झालं: लहानपणीच कुणा भविष्य सांगणाऱ्या बाईने तिचा हात बघून म्हटलं होतं, हिच्या हाताखाली वीस माणसं असतील!

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटीला सुईत दोरा ओवायला शिकवलं तिने, आणि तीच अजून खिडकीशी बसून लोकांच्या पँटी आखूड करत होती. ही बाई होती तरी कोण? आणि थोरलीचा हात बघावासा तिला वाटला नाही? एकदाचा सोक्षमोक्ष लावायला ती घरोघर फिरली. मावशी म्हणाली, मामाने सांगितलं. मामा म्हणाला, तुझ्या आईकडूनच ऐकलं.

ती तडक आईकडे गेली. "आई, खरं सांग. ती बाई तू डोळ्यांनी पाहिलीस?"

"मी कुठली बघायला?" आई शेंगा सोलत म्हणाली. "तूच तर आलीस सांगत. धाकटीने पहिल्याच झग्याला दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या होत्या ना, त्या दिवशी. तेव्हा आम्ही हसलो, पण बाईचं खरं ठरलं बघ."

थोरलीला तो दिवस आठवला. बाईबिई कुणी नव्हतीच. तो झगा सगळ्यांपुढे नाचवत तिनेच ती थाप मारली होती. घरभर हशा पिकला होता.

एकटी धाकटीच तेवढी हसली नव्हती.