वाचून दाखवले

घर गहाण ठेवून कर्ज देताना करारातली ओळ न् ओळ कर्जदाराला मोठ्यानं वाचून दाखवायची, असा नवा कायदा आला होता. कर्ज कंपनीचा एजंट 'वाचून दाखवले' या चौकटीत टिक करून मोकळा व्हायचा. पण शिवणकाम करणाऱ्या काकू शर्टाला बटण लावता लावता म्हणाल्या, "वाचा. मला घाई नाही."

तो भराभर वाचत सुटला. एकोणिसाव्या पानावर त्याचा आवाज खाली आला. दोन हप्ते चुकले की घर कंपनीचं, असं तिथं लिहिलं होतं.

"परत वाचा."

त्यानं परत वाचलं.

"मग नको मला कर्ज," म्हणत काकूंनी दोरा तोडला. त्यानं आग्रह केला नाही. कागदही आवरले नाहीत.

"काकू, सहीनंतर करार रद्द करायला किती दिवसांची मुदत वाचली मी?"

"तीन. पण मी सही कुठं केलीय?"

"तुमचं नाही, माझ्या घराचं म्हणतोय. माझ्या कर्जाचा एजंट मीच होतो."

"मग स्वतःला वाचून नाही दाखवलं?"

"टिक केली होती," तो म्हणाला आणि बोटांवर दिवस मोजू लागला. एक हात पुरला नाही.