अबोला

नंदकिशोरना अतिदक्षता विभागात नेलं आणि तरुण डॉक्टरबाई त्यांच्या बायकोपाशी, वसुधापाशी आल्या. "काकू, मेंदूत रक्ताची गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. काका शेवटचं नीट कधी बोलले?"

"रविवारी."

"आज गुरुवार आहे."

"आमचा अबोला होता," वसुधा म्हणाली.

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "मग आज वेगळं काही दिसलं?"

चार वाजता ते खुर्चीत कलंडलेले दिसले तेव्हा तिने शेजारच्या केयूरला हाक मारली होती. पण सकाळी अकरालाही ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते. ओठ हलत होते, नुसता 'अ... अ...' एवढाच आवाज येत होता. आपल्याला चिडवताहेत असं वाटून तिने पाठ फिरवली. थोडा वेळ थांबून ते निघून गेले.

"अकराला," ती म्हणाली. घड्याळात पाच वाजले होते.

इंजेक्शनची वेळ टळली होती. मांडीतून नळी घालून डॉक्टरांनी गुठळी ओढून काढली. जीव वाचला, वाचा गेली.

आता मुलुंडच्या घरात वसुधा दिवसभर त्यांच्याशी बोलत असते. भाजी काय आणली, कोणाचा फोन आला, सगळं सांगते. एकच गोष्ट विचारायचा तिला धीर होत नाही. त्या सकाळी ते दारात मदत मागायला आले होते, की तिच्याशी बोलायला?