उजव्या चाकाचं बूट

नट हलेना, तेव्हा नोसाखेलेनं पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला आणि ती सरळ त्याच्यावर उभी राहिली. कर्र आवाज करत नट सुटला. गाडी आज दुपारी निघणार म्हणजे निघणार होती.

उलट्या बादलीवर बसून तिचा सासरा चिलीम ओढत होता. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, अशी रीत. तिनं कधी नाव घेतलं नाही, 'बावो' म्हणजे बाबा, एवढंच म्हणायची; मग आपण तरी नाव कशाला घ्यायचं? पूर्वी दोघांमधले निरोप तिचा नवरा वुयिसा पोचवायचा. खाणीत दरड कोसळली आणि तो गेला. सासू तर त्याच्याही आधी गेलेली. तेव्हापासून हे काम अंगणातल्या तांबड्या कोंबडीच्या गळ्यात पडलं होतं. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे कोंबडीला बोललं की सासऱ्याला लागायचं.

"कोंबडे, सांग आमच्या सूनबाईला," म्हातारा म्हणाला, "हे बायकांचं काम नव्हे. सोमवारी मेकॅनिक बघू."

"कोंबडे, बावोंना सांग, मी गॅरेजातच जन्मले. आईला कळा आल्या तेव्हा बाप इंजिन उतरवत होता."

"तरीच! जिभेला जन्मापासून ग्रीस लागलंय."

"आणि काही जणांच्या जिभेला गंज!"

कोंबडी मान वाकडी करून दोघांकडे बघत राहिली.

विधवेचे काळे कपडे तिनं कालच रीतीप्रमाणे जाळले होते. वर्ष सरलं होतं, ती मोकळी होती. म्थाथा शहरात बापाच्या गॅरेजात तिच्या हातांना भरपूर काम होतं. इथे काय उरलं होतं? मूलबाळ नव्हतं. म्हाताऱ्यानं वर्षभरात तिच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. आपण या घराला नकोशा झालो, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं, आणि त्याचं तिला फार वाईट वाटत होतं. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती.

आडवं आलं ते ॲक्सलचं बूट. पुढच्या चाकाजवळच्या सांध्यावर हे रबरी आवरण असतं. ते फाटलं की ग्रीस उडून जातं, वाळू आत शिरते, आणि सांधा कटकट करत एक दिवस मोडतो. म्बाशे नदीच्या वाळूतून तर पुढच्या चाकांनीही ओढल्याशिवाय गाडी पार होत नाही. डावं बूट कधीपासून भेगाळलं होतं. बापाला फोन केला, तर त्यानं टॅक्सीवाल्याबरोबर जोडीच पाठवली. एक गेलं की दुसरं मागोमाग जातंच, म्हणाला. त्याचं बोलणं खरं झालं. काल म्हातारा पाणी आणायला गाडी घेऊन गेला होता, आणि आज सकाळी बघते तर उजव्या चाकाच्या आतही ग्रीसचे शिंतोडे.

"कोंबडे, बघ, दोन्ही बुटं गेली," म्हातारा सकाळीच हळहळला होता. "आता कसली गाडी निघते!"

तेव्हा तिनं पिशवीतून दुसरं बूट काढून दाखवलं होतं. म्हाताऱ्याची चिलीम तिथेच विझली होती.

डाव्या बाजूचं काम सरळ झालं. तिनं शाफ्ट ओढून काढला, जुने पट्टे कापले, सांधा रॉकेलनं धुतला. हात लावायचा म्हणून म्हातारा सांधाच पुढे करू लागला.

"आधी बूट, मग सांधा, कोंबडे! उलटं झालं तर सगळं परत खोलावं लागेल."

"कोंबडीला माहीत आहे," म्हातारा पुटपुटला, पण सांधा त्यानं खाली ठेवला.

मग तिनं उजवं चाक उतरवलं. हे बूट वुयिसानं शेवटच्या सुट्टीत स्वतःच्या हातानं बसवलं होतं. तिनं ते फडक्यानं पुसलं. रबर अजून मऊ होतं, एक भेग नव्हती. होती ती फक्त एक चीर. सरळ, स्वच्छ, धारदार सुरीनं दिलेली.

तिची कानशिलं तापली. सुनेला मायेनं ठेवायचंही नाही आणि सुखानं जाऊही द्यायचं नाही! ते रबर हातात धरून ती उठली.

"कोंबडे, विचार! वुयिसाच्या हातचं हे बूट कुणी कापलं?"

पण कोंबडी केव्हाच गुरांच्या कुंपणापलीकडे गेली होती. म्हाताऱ्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. जीभ टाळूला लावून टक-टक करत तिला बोलावलं. ती काही आली नाही.

मग त्यानं टोपी काढली आणि पहिल्यांदाच सुनेच्या तोंडाकडे पाहिलं.

"पोरी, मी कापलं. तू गेलीस तर मी कोंबडीशी तरी कशाला बोलू?"

नोसाखेले परत गाडीखाली शिरली. तिनं नवं बूट शाफ्टवर चढवलं, सांध्यात बोटांनी ठासून ग्रीस भरलं, सांधा ठोकून बसवला. पट्टा ओढता ओढता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं कोपरानं पुसलं. मग गाडीखालूनच हात बाहेर काढला.

"बावो, तो पाना द्या इकडे. परत येतानाही हीच नदी ओलांडायची आहे."