रेणुकाचं लुगडं

फिल्म आली, पण पडदा आदल्या गावी, नेरडीगोंड्यालाच राहून गेला. विहारासमोर अंगणात सगळं गाव येऊन बसलं होतं. मशीन चालवणारा खुशाल म्हणाला, "एखादं पांढरं कापड द्या कोणी. मोठं पाहिजे."

सोजरबाई उठली, घरी गेली आणि पेटीतून लेकीचं लुगडं घेऊन आली.

रेणुका हिवतापानं गेली, त्याला तीन पावसाळे झाले होते. घरात तिचा एक फोटो नव्हता. पण जाण्याच्या आदल्या साली कापूस वेचताना एका रशियन साहेबानं तिला कॅमेऱ्यात धरलं होतं. वादिम त्याचं नाव. सिनेमे काढायचा. त्याचीच फिल्म आज बाजारहत्नूरजवळच्या या वस्तीवर आली होती. सोजरबाईला रशिया नको होता, कापूस नको होता. लेकीचं तोंड तेवढं एकदा पाहायचं होतं.

"लुगडंबी तिचंच अन् दिसनबी तीच," शेजारची द्वारकाबाई म्हणाली. "पोरगी घरी आल्यावानी होईन तुले."

लुगडं दुहेरी करून दोन खांबांना ताणून बांधलं. पदराकडं रेणुकानं घातलेले काळ्या दोऱ्याचे टाके होते. ऐन फिल्म काढायच्या वेळी वाळल्या बोंडात अडकून पदर टरकला होता, आणि वावरात पांढरा दोरा कोणाकडं नव्हता.

त्या दिवशी साऱ्या बाया पांढरी लुगडी नेसून वावरात गेल्या होत्या. बुद्धजयंतीला नेसायची, ठेवणीतली. साहेबाबरोबरची माणसं म्हणाली, हे चालणार नाही, रोजचं फाटकं नेसून या. सोजरबाई बांधावर उभी राहिली. "फाटकं आमी लय नेसलं. जगाले दाखवाले नाई नेसत." आदिलाबादचे उत्तमराव मास्तर दुभाषे म्हणून आले होते. त्यांनी ते साहेबाला सांगितलं. मग जीपमधून धुतलेला सदरा काढून त्यानं स्वतःच्या अंगात घातला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या आणि मगच कॅमेऱ्याला डोळा लावला.

अंगणातले दिवे मालवले. लुगड्यावर आधी रशियातली शेतं आली. कापूस वेचणारी भलीमोठी यंत्रं आली. मग बैलगाडी दिसली आणि लोक सरसावून बसले.

बाया आल्या. वाकून कापूस वेचत होत्या. अंगावर चिंध्या, डोक्यावर चिंध्या. एकीनं वर पाहिलं. ती ओळखीची नव्हती. दुसरीही नव्हती. काळे टाके त्यांच्या तोंडांवरून जात होते.

"ह्या कोन्या गावच्या बाया व्हय?" द्वारकाबाई म्हणाली.

सोजरबाई पापणी न हलवता बघत होती. बाया गेल्या, गाठोडी आली, आगगाडी आली, आणि फिल्म संपली.

आजही आलेले उत्तमराव मास्तर खुर्चीवरून उठून तिच्यापुढं जमिनीवर येऊन बसले.

"सोजरबाई, हैदराबादला थोडं कानावर आलं होतं. पण वाटलं, आपला एखादा तुकडा तरी ठेवला असेल."

"काय झालं, मास्तर?"

"तिकडच्या वरच्या लोकांनी साहेबाला सांगितलं, मजूर बाया अशा धुतल्या कपड्यांत नसतात. हे खोटं आहे. परत जा आणि फाटक्या कपड्यांत काढून आण. तो म्हणाला, खोटं ते होईल. मग त्यांनी दुसऱ्याला पाठवलं. आज दिसलं ते भलत्याच गावचं आहे."

"अन् साहेब?"

"मोठा माणूस होता, बाई. त्याच्या पहिल्या सिनेमाला परदेशात बक्षीस मिळालं. दुसरा वरच्यांना पटला नाही, तो सिनेमा त्यांनी कुलपात टाकला. त्याची शिक्षा म्हणूनच त्याला कापसाच्या फिल्मवर धाडलं होतं. ही त्यांच्या मनासारखी झाली असती, तर पुन्हा सिनेमा हातात देणार होते."

"मंग आता काय करते तो?"

"पोरांना दात घासायला शिकवतात, तसल्या फिल्मा काढतो."

मागून कोणीतरी हसलं.

द्वारकाबाई तिच्या कानाशी आली. "तवाच म्हनलं होतं तुले. एक दिस नेसलो असतो फाटकं, तं आज पोरगी दिसली असती."

सोजरबाईनं मान वळवली नाही. ते तिच्या मनात आधीच येऊन बसलं होतं.

"मास्तर, कापलेला तुकडा कुठी ठेवला असन त्यायनं?"

"ठेवत नाहीत, बाई."

"काय करतेत मंग?"

"जाळून टाकतात."

सोजरबाईनं हळूहळू मान हलवली.

मशीनचं चाक रिकामंच फिरत होतं, फिल्मचं टोक फटफट आपटत होतं. समोर लुगड्यावर नुसता पांढरा उजेड पडला होता. माणसं सतरंज्या झटकून उठू लागली. खुशालनं बटणाकडं हात नेला.

"ऱ्हाऊ दे, बाबू. नको बंद करू."

"आता काही नाही त्यात, बाई."

"नसू दे."

खुशालनं हात मागं घेतला. वारा आला, लुगडं फुगलं आणि पुन्हा सपाट झालं. त्या उजेडात तेवढे टाके दिसत होते. काळे, वाकडे, घाईघाईत घातलेले. तिकडं साहेब खोळंबला होता, म्हणून.