सरकीच्या तेलातली भजी

सदर भागातल्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. माझ्या स्टॉलवर पालक मिटक्या मारत भजी खात होते. मग मी ऐटीत पाटी फिरवली: ‘हे तेल जनुक बदललेल्या बीटी कपाशीच्या सरकीचं आहे. आपण वर्षानुवर्षं हेच खातो.’ “थुंक, थुंक!” एक काकू लेकराच्या तोंडात बोट घालत ओरडल्या. “काहून वं पोरी, जहर खाऊ घालून राहिली का?” मला तर हसूच आलं. ही कल्पना विज्ञानाच्या देशकर मॅडमची होती, तेलाचा डबाही त्यांनीच आणला होता. त्या सगळं समजावतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. तेवढ्यात मुख्याध्यापक आले. “कोणाचं डोकं हे?” मॅडम पटकन म्हणाल्या, “सर, हिनं मला विचारलंच नाही.” मी भज्यांची प्लेट त्यांच्यापुढे धरली. “मॅडम, तुम्ही एक तरी खा ना.” त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.